फक्त एका व्हिटॅमिनची कमी

पिसाळांच्या दिवाणखान्यात पाटावर बसल्या बसल्या मला घाम फुटायला लागला, तेव्हा समोरच्या बायकांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. पोरगी लाजतेय, यावर त्यांचं एकमत झालं. दिवस डिसेंबरचे होते, डोक्यावर पंखा गरगरत होता आणि माझ्या कपाळावरचं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्याकडे निघालं होतं. इतकं लाजणारी मुलगी विट्यात बऱ्याच वर्षांत आली नसावी.

मांडीवर ओटी होती. खण, नारळ, गहू, आणि सगळ्यांच्या वर गुलाबी जिलेटीनमध्ये बांधलेला, मोत्यांच्या माळा चिकटवलेला साखरेचा पुडा. पुडा देऊन झाला होता, अंगठी व्हायची होती, आणि अंगठी सभापतींच्या समोरच घालायची असं पिसाळांनी ठरवलं होतं. सभापती फाट्यावर आले होते. मघापासून ते फाट्यावरच आले होते. तो फाटा नक्की कुठल्या तालुक्यात आहे, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. अंगठीशिवाय जेवण नाही आणि सभापतींशिवाय अंगठी नाही, एवढं मात्र मला कळत होतं.

मला अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस आहे. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून ते सुईने घ्यावं लागतं. सुई घेतली की थोड्या वेळात पोटात अन्न जावंच लागतं. नाही गेलं तर रक्तातली साखर खाली घसरते. आधी घाम, मग थरथर, मग बेशुद्धी, आणि कुणी लक्षच दिलं नाही तर पुढचं जे व्हायचं ते. जेवण बारा वाजता असं कळवलं होतं, म्हणून मी पावणेबाराला शेजारच्यांच्या न्हाणीघरात जाऊन, शालू कमरेपर्यंत वर धरून, सुई घेऊन आले होते. आता दीड वाजत आला होता. आणि मला डायबेटिस आहे ही गोष्ट त्या भरल्या घरात तिघांनाच ठाऊक होती. मला, आईला आणि दिगूकाकांना. निदान माझी तशी समजूत होती.

दिगूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उभी हयात त्यांनी कराडच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवलं, त्यामुळे शास्त्राने त्यांचं काही वाकडं केलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर आमच्या घराचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्यात माझं लग्नही आलं. आधीच्या काही स्थळांना आम्ही खरं ते सांगितलं होतं. ती माणसं चहा प्यायली, चिवडा संपवला, 'कळवतो' म्हणाली आणि आजतागायत कळवतायत. यावरून काकांनी असा निष्कर्ष काढला की दोष आजारात नाही, सांगण्यात आहे.

त्याच सुमारास पुण्याच्या ज्या दवाखान्यात मी जायची तिथे एक अभ्यास सुरू झाला. टाइप वन असलेल्यांच्या रक्तात व्हिटॅमिन के किती असतं आणि त्याचा हाडांशी, रक्तवाहिन्यांशी, साखर आटोक्यात राहण्याशी काही संबंध लागतो का, असा तो विषय होता. शेवडे मॅडम नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, मी रक्त दिलं. माझं के कमी निघालं.

काका सोबत होते. त्यांचे डोळे लकाकले.

"म्हणजे मूळ कारण सापडलं तर," ते म्हणाले.

"कारण कुणी म्हटलं?" मॅडम म्हणाल्या. "काही जणांत ते कमी दिसतंय, एवढंच. त्याने काही बिघडतं का, आणि भरून काढल्याने काही सुधारतं का, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. माहीत असतं तर मी लोकांना सुया कशाला टोचत बसले असते? हिने पालेभाजी खावी, ती कुणीही खावी. पण इन्सुलिनला हात लावायचा नाही. ते जसंच्या तसं."

काकांनी मान हलवली. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा काहीतरी बरोबर बोलला की ते जशी हलवायचे, तशीच.

परतीच्या एस.टी.त, साताऱ्याच्या अलीकडे, त्यांनी मला सिद्धता करून दाखवली. तुझं व्हिटॅमिन के कमी आहे, हे खरं का खोटं? खरं. डॉक्टर बाईंनीच सांगितलं ना? हो. मग आपण लोकांना 'मुलीला एका व्हिटॅमिनची कमी आहे' असं सांगितलं तर ते खोटं होईल का? मी म्हटलं, पण काका, त्याच्या शेजारी डायबेटिस उभा आहे. काका म्हणाले, शेजाऱ्यांची चौकशी कुणी केली तर बघू.

माणूस हुशार होता, यात शंका नाही. डायबेटिस म्हटलं की लोक खुर्ची मागे सरकवतात. व्हिटॅमिन म्हटलं की पुढे सरकवून स्वतःचं सांगायला लागतात. प्रत्येकाचं काहीतरी कमीच असतं, आणि ते सांगताना माणूस कसा खुलतो.

पिसाळ मंडळी आमच्याकडे आली तेव्हा अगदी तसंच झालं. रघुनाथराव पिसाळ हे मूळचे विट्याचे, पण जन्म गेला कोईमतूरला, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. विट्याची निम्मी माणसं त्या धंद्यापायी हिंदुस्थानभर पसरलेली असतात, आणि म्हातारपणी गावात मोठं घर बांधून परत येतात. हे तसेच आले होते. मुलगा जयदीप आता तिकडचं दुकान बघत होता. सोबत कुसुमताई, जयदीपची आई. ठेंगणी, ठसठशीत, बोलायला मोकळी बाई. काकांनी छाती पुढे काढून सांगितलं की आमच्यात लपवाछपवी नाही, मुलीत एक वैगुण्य आहे ते आधीच कानावर घालतो. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. काकांनी वैगुण्य सांगितलं.

"एवढंच होय?" कुसुमताई म्हणाल्या. त्यांचा जीव इतका भांड्यात पडला की मलाच वाईट वाटलं. त्यांच्या वन्संना बी-ट्वेल्व्ह नाही, थोरल्या जावेला डी नाही, त्या जिवंत आहेत की. के कशात असतं, एवढं सांगा म्हणाल्या. काका म्हणाले, हिरव्या पालेभाजीत. रघुनाथरावांचा चहाचा कप ओठांपाशी थांबला होता. मी चहाचा ट्रे धरून समोर उभी होते आणि ते माझ्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "के का? बरं, बरं." आणि चहा प्यायले.

जयदीप मला आवडला होता. हे सांगूनच टाकते, नाहीतर पुढचं सगळं फुकटचा शूरपणा वाटेल. बोलणं बेताचं, पण हसताना पूर्ण हसायचा, आणि मी काय शिकले हे विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं होतं. मला लग्न करायचं होतं. मला कोईमतूर बघायचं होतं. काकांनी मला शपथ घातली होती की लग्नाआधी त्याच्याजवळ चकार शब्द काढायचा नाही. नंतर हळूच सांग, म्हणाले, नवरा एकदा झाला की तो जातो कुठे. आई रात्री माझ्याशेजारी पडून एकच विचारायची. "तिथं सुई कुठं घेशील गं?" दिवसातून चार सुया, आणि प्रत्येक सुईला एक नवीन खोटं. मी म्हणायचे, बघू. इन्सुलिनची बाटली लोणच्याच्या बरणीमागे ठेवायची आणि दाराला कडी लावून सुई घ्यायची, हे तर आमच्या घरातही लहानपणापासून चालूच होतं. सासरी फक्त बरणी वेगळी असणार होती.

साखरपुड्याची तारीख ठरली आणि दर आठवड्याला विट्याहून भाजी यायला लागली. कुसुमताई पहाटे मळ्यातून भाजी आणवायच्या, स्वतः निवडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायच्या. चाकवत, तांदुळजा, अंबाडी, माठ, आणि शेपू. शेपू तर इतका की आमच्या घराला तो वास कायमचा चिकटला. सोबत निरोप असायचा, की माझ्या सुनेचं रक्त भरलं पाहिजे. आई ती भाजी शिजवायची आणि शिजवताना रडायची. काका जेवायला आले की दोन वाढपं जास्त घ्यायचे. त्यांचं के आता उत्तम असणार.

तर असा तो साखरपुडा.

दीडच्या पुढे माझ्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. समोरच्या बायकांचं बोलणं दूरच्या विहिरीतून आल्यासारखं यायला लागलं. माझी पर्स, तिच्यात ग्लुकोजची पूड आणि बिस्किटं, आईजवळ होती, आणि आईला मागच्या खोलीत आहेर मांडायला बसवलं होतं. मुलीच्या आईने सारखं पर्स धरून पुढेपुढे करू नये, लोकांना संशय येतो, असं काकांचंच शास्त्र. मी शेजारच्या बाईला म्हटलं, जरा काहीतरी खायला मिळेल का. ती गालात हसली आणि म्हणाली, अंगठी झाल्यावर तेच भरवतील. मग मी काकांना खूण केली. ते लगबगीने आले, वाकले.

"काका, मला खाली जातंय."

खाली जातंय म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी एकदा सभोवार बघितलं.

"थोडा दम धर," ते कुजबुजले. "सभापती फाट्यावर आलेत."

मला त्यानंतरचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. साखर खाली गेली की आधी लाज जाते, मग भीती जाते, आणि शेवटी एक आंधळा राग तेवढा उरतो. मांडीवरचा गुलाबी कागद चकाकत होता. मी तो फाडला. मोत्यांच्या माळा तुटून गव्हात पडल्या. मी पुड्यात हात घातला आणि मूठभर साखर तोंडात कोंबली. मग दुसरी मूठ. मग तिसरी. साखर हनुवटीवरून, गळ्यातल्या हारावरून, शालूवर सांडत होती आणि मी ती वेचून पुन्हा तोंडात घालत होते. दिवाणखान्यात पिन पडली असती तर ऐकू आली असती. पिन पडली नाही, कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं.

नवऱ्या मुलीने साखरपुड्याचा पुडा भर समारंभात फोडून खाल्ला, अशी नोंद त्या गावात पहिलीच असावी. आणि काका? मला वाटलं होतं त्यांना भोवळ येईल. मी जरा भानावर येऊन वर बघितलं तर ते हसत होते. त्यांनी मोठ्याने जाहीर केलं की पोरीला लहानपणापासून गोडाची भारी आवड. मग वाकून माझ्या कानात म्हणाले, "छान केलंस. कराडातून कुणीतरी रघुनाथरावांच्या कानावर घातलं होतं, डायबेटिस आहे म्हणून. आता कुणाला शंका राहणार नाही. डायबेटिसवाला कधी अशी साखर खातो का?"

बायकाही हसल्या. कुणी पाणी दिलं, कुणी साखर झटकली. माझा जीव वाचवणारी गोष्टच माझ्या निरोगीपणाचा दाखला ठरली होती, आणि मला तोंडातली साखर गिळायची असल्यामुळे काही बोलता येत नव्हतं.

एवढ्यात रघुनाथरावांनी दारातून काकांना खूण केली. पोरीला जरा आत पडू द्या, म्हणाले, आणि तिच्या आईलाही बोलवा.

आतली खोली लहान होती. एक खाट, एक लोखंडी कपाट. मी, आई, काका, रघुनाथराव, आणि मागून जयदीप आला. रघुनाथरावांनी दार पुढे ओढलं, पण कडी लावली नाही. मग ते खाटेवर बसले आणि काकांना अगदी सौम्यपणे म्हणाले, "मास्तर, के कमी पडलं की काय हुतं, ठाऊक हाय का तुम्हाला?"

काकांनी घसा साफ केला. अशक्तपणा, चक्कर, असं काहीबाही सांगायला लागले.

"रक्त गोठत न्हाई," रघुनाथराव म्हणाले. त्यांनी शर्टाची बटणं काढली. गळ्याच्या खळगीपासून खाली पोटापर्यंत एक सरळ जाड व्रण होता. "आता जरा गप ऱ्हावा आन् ऐका."

त्यांच्या छातीतून मनगटी घड्याळासारखी टिकटिक येत होती.

"आत धातूची झडप हाय. तिच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रोज रक्त पातळ व्हायची गोळी. आन् त्या गोळीवर उतारा कशाचा, तर तुमच्या ह्या केचा. म्हणून मला पालेभाजी बेतानं, रोज सारखीच. डॉक्टरनं पाठ करून घेतलंय माझ्याकडनं. दर महिन्याला रक्त तपासाय जातो, तितं डायबेटिसवाली बाकावर शेजारी बसत्यात. टोचून टोचून काळी पडल्याली त्यांची बोटं मी वळकतो. ह्या पोरीची बोटं मी पयल्याच दिवशी बघितली."

आईने भिंतीला हात टेकला. काकांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी शेवटी मोठ्याने म्हटलं होतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "टाइप वन आहे, अकरा वर्षांची असल्यापासून. के कमी आहे तेही खरं आहे. हे सांगायचं राहिलं होतं."

"घाबरू नका," रघुनाथराव काकांना म्हणाले. "मला सून पसंत हाय. फकस्त भायेर ते व्हिटॅमिनच ऱ्हाऊ द्या. माझं ऑपरेशन भावकीत कुणाला ठाऊक न्हाई. समदी समजत्यात, मी धंद्यापायी मद्रासला हुतो. धाकट्या लेकीचं लग्न हुयाचंय. आजारी माणसांचं घर म्हणून एकदा नाव झालं की संपलं. तुमचं तुमच्याजवळ, आमचं आमच्याजवळ."

काकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. इतका आला की ते पुढे होऊन रघुनाथरावांचे हातच धरते झाले. दोघंही एकमेकांकडे बघत होते, आणि मला वाटलं, पत्रिका जुळली ती यांची. लपवणारी दोन घरं इतकी एकमेकांना अनुरूप मिळणं हा योगच म्हणायचा. आईने डोळे पुसले. लग्न मोडलं नव्हतं. तिने तेवढंच ऐकलं होतं.

मी जयदीपकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाबांनी मागंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "माझी काही हरकत नाही." आणि मग जरा पुढे येऊन, हळू आवाजात, मला धीर द्यावा म्हणून म्हणाला, "कोईमतूरला आपला फ्लॅट मोठा आहे. मागच्या बाजूला सामानाची एक खोली आहे, तिथं कुणी फिरकत नाही. तुम्हाला तिथं सुई घेता येईल."

तो प्रेमाने बोलत होता. वाईट तेच होतं. रागाने बोलला असता तर मला भांडता आलं असतं. त्याने माझ्यासाठी विचार करून एक खोली शोधून ठेवली होती, आणि ती खोली मला त्या क्षणी दिसली. पोती, जुने डबे, एक खिडकी, दिवसातून चार वेळा मी, जन्मभर.

"म्हंजे तुमाला ठाव हुतं?"

दार अर्धवट उघडं होतं आणि कुसुमताई लिंबाच्या सरबताचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"तू भायेर जा," रघुनाथराव म्हणाले. "सभापती येतील इतक्यात."

"पयल्या दिवसापासनं ठाव हुतं. मी पाटं उठून भाजी निवडतीय, तुम्ही चा पीत बसून बघताय. एका शब्दानं सांगावं की न्हाई?"

"तुला सांगितलं असतं म्हंजे गावभर झालं असतं."

कुसुमताईंनी पेला कपाटावर ठेवला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही. मग त्या निघून गेल्या. मला तेव्हा एवढंच कळलं की या सगळ्या प्रकरणात व्हिटॅमिनवर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि नेमकं त्यालाच सगळ्यांनी मिळून फसवलं होतं.

सभापती एकदाचे आले. त्यांना पुढे आणखी एका लग्नाला आणि एका उद्घाटनाला जायचं होतं आणि भूक सपाटून लागली होती. तेव्हा अंगठी नंतर, आधी जेवण, असं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं आणि सगळ्यांनी लगेच मान्य केलं. अंगठीआधी जेवलं तरी चालतं, हा शोध तासभर आधी लागला असता तर एक पुडा वाचला असता.

अंगणात मांडव होता. एका बाजूला पुरुषांची पंगत, समोर बायकांची. मला मधोमध बसवलं, शेजारी आईला. पानात पुरणपोळी होती, आमटी होती, आणि डावीकडे एकापुढे एक हिरव्या भाज्यांचे ढीग होते. सगळं माझ्यासाठी केलेलं. आईने पदराआड माझं बोट टोचून साखर बघितली. साडेतीनशेच्या वर गेली होती. जाणारच होती, नुसती साखर मुठी मुठी खाल्ल्यावर दुसरं काय होणार. आता जेवायच्या आधी थोडं इन्सुलिन घ्यावं लागणार होतं. मी नेहमीच्या सवयीने उठायला लागले. पुरुषांच्या पंगतीतून काकांनी मला डोळ्यांनीच न्हाणीघराची दिशा दाखवली. त्यांच्या शेजारून जयदीपनेही दाखवली.

"खाली बस," आई म्हणाली.

माझी आई मोठ्याने बोलणारी बाई नाही. अण्णा गेल्यापासून तर ती काकांपुढे बसून बोललीसुद्धा नव्हती. तिने पर्स मांडीवर घेतली, बाटली काढली, सुई काढली, आणि भर पंगतीत हात वर धरून, उजेडात बघून, सुई भरली. वाढपी पोळ्यांची परात घेऊन जागीच थांबले. काका अर्धवट उठले आणि 'अहो, हे काय' म्हणाले. आईने त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"माझ्या लेकीला लहानपणापासनं डायबेटिस आहे," ती म्हणाली. आवाज सगळ्या मांडवात गेला. "तिला रोज इन्सुलिन लागतं. त्याच्यावर ती जगते. मी आत्तापर्यंत तिला कोंडून सुया दिल्या. आता देणार नाही. ज्यांना बघायचं त्यांनी बघा, ज्यांना जेवायचं त्यांनी जेवा."

आणि तिने माझ्या दंडावरचा काठ वर सारून सुई दिली. सभापतींच्या सोबत आलेल्या फोटोग्राफरने सवयीने फोटोही काढला. तो फोटो त्याने पुढे कुणाला विकला, देव जाणे. रघुनाथराव पानाकडे बघत होते. जयदीप पानाकडे बघत होता. काकाही पानाकडेच बघत होते, आणि अशा वेळी पुरुषांना पानात काय दिसतं, हे मला आजवर कळलेलं नाही. बायकांच्या पंगतीत कुजबुज सुरू झाली. मी मान वर धरून बसले होते.

कुसुमताई भाजीचं पातेलं हातात घेऊन आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणार. त्या पातेलं खाली ठेवून माझ्यापुढे उकिडव्या बसल्या आणि माझ्या दंडावर जिथं सुई दिली होती तिथं बघितलं.

"दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

"सवय झालीय," मी म्हटलं.

"सवयीचं न्हाई इचारलं. दुखतं का?"

अकराव्या वर्षापासून मला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. कशाने झालं, कधी बरं होणार, लग्नाचं कसं करणार. हे कुणी विचारलं नव्हतं. परक्या माणसाने तर नाहीच.

"दुखतं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

त्यांनी ओल्या हाताने माझ्या हनुवटीवरची राहिलेली साखर पुसली. मग आईच्या अगदी जवळ सरकल्या. आवाज त्यांनी खाली आणला होता, पण मला सगळं ऐकू आलं.

"ह्यांची छाती उघडली त्या दिवशी मी हितं, ह्या अंगणात, जावेच्या सुनंच्या डोहाळजेवणाचं लाडू वळत हुते. कुणाला कळाय नगं म्हणून हसत हुते. डॉक्टरचा फोन आला तवाबी हसत हुते. अजून रातच्याला ती टिकटिक ऐकती आन् कुणाला सांगत न्हाई." त्यांनी एकदा पुरुषांच्या पंगतीकडे बघितलं. "तुमची पोर ग्वाड हाय, ताई. ह्या घरात देऊ नका."

आईने सुईला टोपण घातलं, पर्स बंद केली आणि माझं पान माझ्यापुढे सरकवलं.

"आधी जेव," ती म्हणाली. "मग निघू."